पिवळ्या कागदाचा पेला

आमच्या जुन्या चाळीतल्या मुलांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मुलं म्हणजे आता कुणाचे गुडघे बदलून झालेत, कुणाचे बदलायचेत. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी बद्धकोष्ठावरचे उपाय, आणि संध्याकाळ झाली की 'ते दिवस'. ते दिवस किती साधे होते, एका टीव्हीसमोर सगळी चाळ कशी बसायची, काय ती माया. मी वाचते आणि फोन पालथा ठेवते. माया कुणावर होती आणि किती होती, ते मला चांगलं ठाऊक आहे.

मध्यंतरी ग्रुपवर एक क्लिप आली. पडद्यावर मुंग्या, आवाजात खरखर, मुलांचा जुना कार्यक्रम. टेबलामागे एक बाई उभ्या आहेत. त्या म्हणतात, "मुलांनो, आता मी खुर्ची मागे सरकवते आणि बसते," आणि बसतात. "आता मी उजव्या हाताने कात्री उचलते," आणि उचलतात. नजर कॅमेऱ्यात नाहीच. ती थोडी खाली, हनुवटीच्या पुढे, रेडिओच्या स्टुडिओत माइक असतो तिथे. क्लिपखाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. क्लिप टाकणारा आमच्या चाळीतल्या फोरमनकाकांचा मुलगा होता. आता पुनावळ्याला राहतो, रिटायर झालाय, वेळच वेळ आहे. त्याने लिहिलं होतं, 'अहो बाई, दिसतंय की! कॉमेंट्री कशाला?'

मला हसू आलं नाही. माझ्या शेजारी सोफ्यावर माझी थोरली बहीण बसली होती. तिने आवाज ऐकला आणि मान वर केली. "आपल्या ताई," ती म्हणाली. "परत लाव."

आक्का जन्मापासून आंधळी आहे. हल्ली त्यासाठी गुळगुळीत शब्द निघालेत, पण ती स्वतः आंधळी म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. आम्ही दोघी रहाटणीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लहानपण मात्र चिंचवड स्टेशनजवळच्या बैठ्या चाळीत गेलं. वडील बीडकडचे, कंपनीत टर्नर. चाळीच्या टोकाला फोरमनकाकांच्या दोन जास्तीच्या खोल्या होत्या, आणि त्यातल्या एकीत लाकडी शटरचा टीव्ही होता. मुलांच्या कार्यक्रमाच्या दिवशी तो सगळ्या चाळीच्या पोरांसाठी उघडायचा. ग्रुपवर जिचे गोडवे गातात ती माया हीच.

पहिल्यांदा आम्ही दोघी गेलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. काकू मावळातल्या, मनात एक आणि ओठावर एक असं कधी नाही. आक्काचा हात माझ्या खांद्यावर बघून त्या मला म्हणाल्या, "अगं, तिला काय दिसणार हाय? उगा एका लेकराची जागा अडल. तू बस, तिला धाड घरी."

आक्का म्हणाली, "काकू, मी रेडिओसारखा ऐकेन. मी बाहेरच बसते."

ती उंबऱ्याबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बसली. मी आत गेले. कार्यक्रम सुरू झाला, बाई बोलायला लागल्या, आणि बाहेरून आक्का ओरडली, "अगं, या तर आपल्या रविवारच्या ताई!"

खरंच त्याच होत्या. रविवारी सकाळी रेडिओवर मुलांना गोष्टी सांगणाऱ्या. आमच्या घरी रेडिओ होता आणि तो जवळजवळ आक्काचाच होता. टीव्ही नवा होता, त्यावर मुलांशी बोलायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून रेडिओवरची माणसं उचलून कॅमेऱ्यासमोर उभी केली होती. ही माणसं तयार झालेली होती आवाजावर. रेडिओवर चार श्वास कुणी गप्प बसलं तर ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशनच गेलं. त्यामुळे शांतता पडू द्यायची नाही आणि समोरच्याला काही दिसत नाही असं धरून चालायचं, ही त्यांची सवय अंगात मुरलेली. टीव्हीवर आले तरी ती काही सुटली नाही.

त्या दिवशी ताईंनी कागदाचा पेला शिकवला. काकूंच्या मुलाने सगळ्यांना जुन्या वहीची चौकोनी कापलेली पानं वाटली होती. उरलेलं एक मी आक्काला नेऊन दिलं, हातात काहीतरी असू दे म्हणून.

ताई म्हणाल्या, "माझ्या हातात चौकोनी कागद आहे, पिवळ्या रंगाचा. एक टोक माझ्या पोटाकडे, एक तुमच्याकडे. पोटाकडचं टोक उचलून समोरच्या टोकावर ठेवते. झाला त्रिकोण. त्याची लांब बाजू माझ्याकडे आहे, तिच्यावरून बोट फिरवा. आता उजवा कोपरा उचलायचा आणि समोरच्या, म्हणजे डाव्या कडेच्या मध्यावर आणून टेकवायचा."

आत दंगा सुरू होता. कुणी म्हणालं, पिवळा कुठाय, करडा आहे. टीव्हीवर सगळंच करडं, ताईंची साडीसुद्धा. "ताईंनी सांगितलं ना पिवळा म्हणून!" बाहेरून आक्का म्हणाली. रंगाच्या बाबतीत त्या खोलीत सगळेच तिच्यासारखे होते, आणि विश्वास फक्त तिने ठेवला होता.

आमच्यातल्या निम्म्यांचे कागद चुरगळले. पडद्यावर काय चाललंय ते बघायचं की आपल्या हाताकडे, या गोंधळात माझाही चुरगळला. कार्यक्रम संपला, आम्ही बाहेर आलो, तर आक्का चपलांच्या बाजूला बसलेली आणि तिच्या हातात पेला. नीट, कडा बसलेल्या. काकूंनी तो उलटासुलटा करून पाहिला. मग आत जाऊन तांब्या आणला, पेल्यात पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "धर, पी." आक्का प्यायली. थोडं हनुवटीवरून गळलं.

पुढच्या वेळेपासून आक्का आत बसली, कपाटाला टेकून. काकूंनी स्वतः जागा करून दिली. ती जागा आक्काने भीक मागून मिळवली नव्हती, तिथे बसून तिला खरोखरच काहीतरी मिळत होतं. कठपुतळीचा खेळ असला तर कोण कुठून आलं, कुणी कुणाला टपली मारली, ताई सांगायच्या. हत्तीचं चित्र काढलं तर सोंडेपासून सुरुवात करून शेपटीपर्यंत. काकू कधीकधी म्हणायच्या, "ही बाई आपल्याकडं बघतच न्हाई." आक्काला त्याचं काय? तिच्याकडे तरी कोण बघायचं!

याच काळात तिच्या मनाने घेतलं की ताईंना माहीत आहे. कुठल्यातरी घरात, कपाटाला टेकून, आपल्यासारखं कुणी बसलेलं असतं हे ताईंना माहीत आहे, म्हणून त्या सगळं सांगतात. "एवढ्या लाख लोकांत त्यांना एकाला न दिसणारं पोर आठवतं," ती म्हणायची. मोठी झाले की ताईंना भेटायचं आणि हे एकदा विचारायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. आमच्या घरात देवाला बोललेल्या नवसाइतकं ते पक्कं होतं. इतर मुलींना लग्नात काय घालणार विचारायचे, तसं आई हिला गमतीने विचारायची, "काय गं, ताईंना भेटायला जाताना कुठली साडी नेसणार?"

मग एका संध्याकाळी ताई गप्प झाल्या.

ताई त्याच होत्या, टेबल तेच होतं. त्या म्हणाल्या, "मुलांनो, आज आपण पक्षी करू या. बघा हं." आणि सतार की काहीतरी वाजायला लागलं. पडद्यावर फक्त दोन हात, मोठे मोठे, कागद दुमडणारे. फार सुंदर दिसत होतं, हे मला मान्य करायला हवं. पोरं एकदम शांत झाली, कागद भराभर दुमडायला लागली. आक्काने कागद मांडीवर धरला होता. तिने पहिली घडी अंदाजाने घातली आणि थांबली.

"ताई गेल्या का?" तिने मला विचारलं.

"नाही, आहेत."

"मग बोलत का नाहीत?"

मी सांगायला लागले, पण मला ते येईना. मी 'असं, असं' म्हणत राहिले. काकूंचा मुलगा करवादला, "गप गं, बघू दे." कार्यक्रम संपेपर्यंत ती एक घडी घातलेला कागद धरून बसून राहिली, कदाचित मध्येच ताई बोलतील म्हणून. बाकीची पोरं पक्ष्यांचे पंख हलवत अंगणात पळाली.

पुढच्या वेळी तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. आता चित्रं जास्त, संगीत जास्त, बोलणं चवीपुरतं. मग आक्काचं कार्यक्रमाच्या दिवशी डोकं दुखायला लागलं. काकूंनी तिची चौकशी केली नाही असं नाही. "बरं झालं बाई," त्या आईला म्हणाल्या, "लेकराला कंटाळाच येत असंल." कपाटाजवळच्या जागेवर त्यांच्या भाचीला बसवलं. रेडिओकडे परत जावं तर तिथल्या रविवारच्या ताई टीव्हीवर गेलेल्या. रेडिओने माणसं दिली आणि टीव्हीने त्यांना गप्प राहायला शिकवलं. माझ्या बहिणीचे दोन्हीकडून हाल झाले. यात मला 'गोड आठवणी' सापडत नाहीत, त्याला मी काय करू?

आक्का पुढे पिंपरीच्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर झाली. तिथे ती ताईंचीच शागीर्द होती. फोन करणाऱ्याला तिने कधी शांततेत लटकत ठेवलं नाही. "जोडतेय हं. घंटा वाजतेय. अजून उचलत नाहीत, बहुतेक शॉप फ्लोअरवर, मशीनपाशी असतील. मी तिकडे लावून बघते." चाकणच्या प्लँटमधली माणसं म्हणायची, बाईंकडे फोन लागला की जीवाला बरं वाटतं. मग नवीन यंत्रणा आली. एक दाबा, दोन दाबा, आणि तोपर्यंत ऐका संगीत. आक्काला सन्मानाने घरी पाठवलं, शाल-नारळ देऊन. तिला बाहेर काढायला दुसऱ्यांदाही संगीतच आलं, हे मी त्या समारंभात मोठ्याने म्हणाले होते. कुणाला कळलं नाही.

तर ती क्लिप. तिच्या पाठोपाठ काकूंच्या मुलाने ग्रुपवर कळवलं की चिंचवडच्या नाट्यगृहात जुन्या टीव्हीच्या आठवणींचा कार्यक्रम आहे, त्या ताई स्वतः येणार आहेत आणि त्याच्याकडे पास आहेत. मी आक्कासाठी मागितला. तो फोनवर म्हणाला, "आक्का पण यायची ना गं आपल्याकडे टीव्ही बघायला? काय करायची गं ती बघून?" आणि मनापासून हसला. वाईट माणूस नाही तो. त्याला खरंच माहीत नाही. वर्षानुवर्षं एका खोलीत बसूनही माणसाला माहीत नसतं.

आक्काने साडी निवडायला अख्खी दुपार घेतली. बोटांनी पोत चाचपून एक बाजूला काढली आणि विचारलं, "ही पिवळी आहे ना?" होती.

"विचारणार आहेस?" मी म्हटलं.

"नाहीतर कशाला चाललेय?"

नाट्यगृहात प्रत्येक खुर्चीवर एक चौकोनी रंगीत कागद ठेवला होता. संयोजकांची कल्पना, जुन्या आठवणी ताज्या करायला. स्टेजवर भलामोठा पडदा. ताई आल्या तेव्हा लोक उभे राहिले. ताई आता पार थकल्यात, पण आवाज तोच. पहिल्या 'नमस्कार'लाच आक्काने माझं मनगट धरलं.

मुलाखत घेणारी मुलगी चुणचुणीत होती. तिने पडद्यावर तीच खुर्चीची क्लिप लावली. सभागृह हसून हसून लोटपोट. मुलीने विचारलं, "ताई, हे काय होतं? तुम्ही जे करताय ते सगळं सांगत का होता?"

ताईही हसल्या. म्हणाल्या, "अगं, रेडिओची खोड! आम्हाला माध्यमच कळलं नव्हतं. दिसतंय ते परत कशाला सांगायचं, एवढी साधी अक्कल नव्हती. कॅमेऱ्याकडे बघायचंसुद्धा समजत नव्हतं. मग एक निर्माते आले, ते म्हणाले, ताई, तुम्ही गप्प राहायला शिका, चित्राला बोलू द्या. तेव्हा कुठे आम्ही शहाण्या झालो. आता ते जुनं बघताना मला इतकी लाज वाटते!"

टाळ्या पडल्या. काकूंचा मुलगा आमच्या शेजारीच होता, तोही वाजवत होता. माझ्या मनगटावरचा आक्काचा हात निघाला. मी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा अगदी स्थिर होता, फोनवर पलीकडचा माणूस शिव्या देत असताना असायचा तसा. जन्मभर जपलेला प्रश्न, आणि विचारायच्या आधीच उत्तर येऊन पडलं होतं. कुणीही आठवलं नव्हतं कुणाला. ती नुसती चूक होती, आणि ती सुधारली तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं.

मग ताईंनी कागद उचलला. "चला, सगळ्यांनी माझ्याबरोबर करायचं," म्हणाल्या, आणि संगीत सुरू झालं. पडद्यावर त्यांचे सुरकुतलेले दोन हात. हजारभर माणसं खाली माना घालून कागद दुमडत होती, पडद्याकडे बघत होती. माझं डोकं फिरलं. मी मोठ्याने सांगायला लागले. "आक्का, खालचं टोक वरच्या टोकाला लाव. आता उजवा कोपरा मध्यावर आण. कागद फिरवला त्यांनी, पालथा केला." मागून कुणीतरी "श्शू" केलं. कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, ऐकू द्या." काय ऐकायचं होतं त्यांना? काकूंचा मुलगा कुजबुजला, "अगं, बघू दे ना लोकांना." त्याच शब्दांत, त्याच सुरात. त्याच्या ते लक्षातही आलं नसेल.

"राहू दे," आक्का म्हणाली.

तिकडे फूल तयार झालं. मी आक्काच्या मांडीकडे पाहिलं. तिने आपल्या कागदाचा पेला केला होता.

कार्यक्रम संपल्यावर फोटोसाठी रांग लागली. मी म्हटलं घरी जाऊ. ती म्हणाली, "आलोय तर भेटून जाऊ." मला वाटलं, आता ही विचारणार, सगळ्यांसमोर विचारणार, आणि मला ते हवंच होतं.

आमची पाळी आली. ताईंनी हसून हात पुढे केला. काही न बोलता. तो हात तसाच हवेत राहिला, कारण आक्काला तो कळणार कसा? शेवटी मी म्हटलं, "आक्का, ताईंनी हात पुढे केलाय." तेव्हा ताईंना समजलं. त्यांनी माझ्याकडे बघून, आवाज खाली आणून विचारलं, "यांना दिसत नाही का?"

उत्तर आक्कानेच दिलं. "नाही दिसत. नमस्कार ताई. तुमचा कार्यक्रम मी नेहमी बघायचे." आणि तिने पेला पुढे केला. "हा तुम्ही शिकवलेला."

ताईंनी पेला घेतला. "अगं बाई! किती नीट केलाय!" त्यांचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं. मग त्यांनी आक्काचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा तुम्हाला दिसत होतं."

मी तोंड उघडलं. आक्काने दुसऱ्या हाताने माझा दंड दाबला.

"हो ताई," ती म्हणाली. "तेव्हा दिसायचं."

एका कार्यकर्त्याने माझ्या हातातून फोन घेऊन फोटो काढला आणि आम्हाला बाजूला केलं. ताईंनी पेला टेबलावर ठेवला. त्या टेबलावर लोकांनी दिलेली कागदी फुलं पडली होती, त्यांच्यातच.

रिक्षात बसल्यावर मी तिच्यावर भडकले. खोटं का बोललीस? त्यांना कळायला हवं होतं. ज्याची लाज वाटते म्हणतात, तेवढंच एक त्यांनी धड केलं होतं. आक्काने मला बोलू दिलं. डांगे चौकात सिग्नलला रिक्षा थांबली, हॉर्नचा गदारोळ, मी ओरडूनच बोलत होते.

"झालं?" ती म्हणाली. "अगं, एवढ्या वयाच्या बाईला आणखी काय काय सांगायचं? मी काय तेवढ्यासाठी गेले होते?"

"कशासाठी गेली होतीस मग?"

काळेवाडीकडे वळल्यावर ती म्हणाली, "फोटो कसा आलाय, सांग."

मी फोन उघडला. राग होता, तरी नीट सांगितलं, तिला आवडतं तसं, डावीकडून उजवीकडे. "तू डावीकडे. साडी छान दिसतेय. तुझा चेहरा ताईंकडे वळलेला आहे, अगदी बरोबर त्यांच्या तोंडाकडे. त्यांनी तुझा हात धरलाय."

"आणि त्या?"

"त्या समोर बघतायत. कॅमेऱ्याकडे."

आक्का पदर सावरत म्हणाली, "शिकल्या म्हणायच्या."